दुसरी हाक

पाड्यावरच्या शाळेत कुणालीबाईंना एकाच गोष्टीचा राग यायचा. हाक मारली की पोरं गप्प! "काजल!" म्हटलं की काजल समोर बसून टकामका बघत राहायची. पुन्हा "काजल!" म्हटलं की मग कुठे "ओ, बाई!" पोरं बहिरी नव्हती, मठ्ठ तर मुळीच नव्हती. बाई राहायला आसनगावला. रोज किन्हवलीपर्यंत बस, तिथून कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून डोंगराच्या पायथ्याशी. एवढी यातायात करून यायचं आणि वर प्रत्येक नाव दोनदा घ्यायचं, म्हणजे माणसाचं डोकं फिरणारच.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या धोंडूबाईला त्यांनी एकदा विचारलं.

"आमीच शिकवलंय त्यांना," धोंडूबाई चुलीपुढून न उठता म्हणाली. "रानातली ती वळखीच्या आवाजात हाक मारते. पन एकदाच. दुसरी तिला मारता येत नाय. म्हनून पहिलीला ओ द्यायची नाय, बाई."

बाई मनापासून हसल्या. पुढच्या आठवड्यात केंद्रप्रमुख तपासणीला येणार होते आणि इंग्रजीतल्या शब्दांच्या जाती विचारणार होते. त्यांच्यासमोर ही थेरं चालणार नव्हती. बाईंनी फर्मान काढलं, की पहिल्या हाकेला ओ देऊन जो शब्द आणि त्याची जात सांगेल, त्याच्या नावापुढे फळ्यावर चांदणी. "नाऊन म्हणजे नाव," त्या म्हणाल्या. "आणि नाव हा नुसता शब्द. शब्दाला कसले घाबरता?"

चांदणीपुढे भल्याभल्यांचा निभाव लागत नाही, इथे तर बारा वर्षांची पोरं. काजल वर्गात सगळ्यांत हुशार, तिने सगळ्यांच्या आधी सवय मोडली. गंगी आणि सुरज तिच्या मागोमाग. एकटा नवसू हटून बसला आणि चांदणीवाचून राहिला.

भात कापून झालं होतं. एका दुपारी बाईंनी वर्ग बाहेर मोहाच्या झाडाखाली नेला आणि शब्द शोधायला पोरांना मोकळं सोडलं. दिसेल ते नाऊन, करता येईल ते व्हर्ब, कसं आहे ते सांगेल तो अ‍ॅडजेक्टिव्ह. पोरं खाचरांतून पांगली.

"गंगी! नाऊन!"

"ओ, बाई! लीफ!"

"सुरज! अ‍ॅडजेक्टिव्ह!"

"ओ, बाई! ड्राय!"

बाईंना धन्य धन्य वाटलं. त्यांनी बाटली तोंडाला लावली. तोंडात पाण्याचा घोट असतानाच पलीकडच्या बंद पडलेल्या दगडखाणीकडून त्यांचा स्वतःचा आवाज आला.

"काजल! व्हर्ब!"

"ओ, बाई!" काजल आनंदाने ओरडली. "कम!"

"गुड," खाणीकडचा आवाज म्हणाला. बाई म्हणायच्या तसंच, शेवटी जरा लांबवून.

काजल खाणीच्या दिशेने चालू लागली. बाईंच्या हातातली बाटली कधी पडली ते त्यांना कळलंच नाही. त्या धावत सुटल्या. "काजल!"

"ओ, बाई," काजल म्हणाली, पण मागे वळली नाही आणि तिचे पाय थांबले नाहीत.

मागून नवसू जिवाच्या आकांताने ओरडत होता, "बाई, दुसरी मारा! दुसरी!"

मेली ती चांदणी, मेली ती तपासणी, पोर तेवढी परत येऊ दे, एवढंच त्यांच्या मनात होतं. "काजल!"

काजल थांबली. पुढे दोन पावलांवर काठ संपत होता आणि खाली खाणीत साचलेलं हिरवंगार पाणी होतं. तिने वळून बाईंकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, तुमी तर तिथं होता," ती पाण्याकडे बोट दाखवत म्हणाली.

फळ्यावरच्या चांदण्या बाईंनी त्याच दिवशी पुसल्या. त्यानंतर त्या प्रत्येक नाव दोनदा घेऊ लागल्या, आणि पोरंही पूर्वीसारखी पहिल्या हाकेला गप्प राहू लागली.

तपासणीच्या दिवशी केंद्रप्रमुख साहेब खिडकीजवळ खुर्ची टाकून बसले. बाईंनी हजेरी सुरू केली.

"काजल!"

"ओ, बाई!" आवाज लख्ख आणि आनंदी होता, अगदी काजलचा. पण काजल पहिल्या ओळीत ओठ घट्ट मिटून बसली होती. तिचे डोळे पाण्याने भरले होते.

"वा! पहिल्याच हाकेला," साहेब खिडकीतून बाहेर डोकावत कौतुकाने म्हणाले. "चुणचुणीत पोरगी आहे. बाहेर का उभी केलीत, बाई?"

बाई धावत जाऊन काजलच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "काजल," त्या दुसऱ्यांदा म्हणाल्या.

"ओ," काजल पुटपुटली.

खिडकीबाहेरून या वेळी कुणी ओ दिली नाही. साहेब मात्र अजून बाहेरच बघत होते, हसत होते, आणि हाताने कुणाला तरी आत ये म्हणून खुणावत होते.