इर्गाशचा उरलेला नान

आज सकाळपासून डोंगराकडचा कोरडा वारा सुटलाय. अंगणातल्या जर्दाळूचा मोहर उडून खिडकीच्या काचेला चिकटतोय आणि खोलीभर बारीक धूळ पसरलीय. अशा हवेत माझ्या कडेचा भुगा होतो. तरी ओलीपेक्षा हे बरं. ओल आली की बुरशी धरते, आणि मला अजून टिकायचंय.

मी एक नान आहे. पाच वर्षं झाली, या भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे. नानाचं आयुष्य ते केवढं! सकाळी तंदुरातून निघायचं, दुपारपर्यंत कुणाच्या तरी पोटात जायचं. माझ्या भावंडांचं तसंच झालं. मला या घरच्या सालतानातनं भाजलं ते तिचा नवरा इर्गाश परदेशी निघाला त्या दिवशी. मधोमध ठसा मारला, वर तीळ पेरले आणि गरम गरमच त्याच्या तोंडापुढे धरलं. त्यानं एक घास घेतला. आमच्याकडे लांब जाणाऱ्यानं असा घास घ्यायचा आणि उरलेला नान घरच्यांनी टांगून ठेवायचा. परत आला की तो खातो. तोवर उतरवायचा नाही. उतरवला तर माणसाची वाट मोडते, असं म्हणतात.

इर्गाशची रेशमी कापडाची मागशाळा होती. बारा माग, बारा घरं त्यावर जगायची. राजधानीतल्या एका बड्या माणसाच्या जावयाला ती आवडली. आवडली म्हणजे गेलीच. अशा किती जणांच्या गिरण्या, बागा त्यानं घशात घातल्या आणि सगळा पैसा परदेशातल्या एका बँकेत नेऊन ठेवला. पुढं त्या देशानं हे धन चोरीचं दिसतंय म्हणून गोठवलं. जावयाला त्यातलं काही काढता येईना, की हलवता येईना. मग त्यानं तिथल्या कोर्टात वकील उभे केले, की हे माझ्या कष्टाचं आहे, सोडा. कोर्ट म्हणालं, दुसऱ्या कुणाचं असेल तर त्यानं येऊन दाखवावं.

ते दाखवायला इर्गाश गेला. मागशाळेचं खरेदीखत मात्र त्यानं बरोबर नेलं नाही, सरहद्दीवर झडती होते. ते त्यानं घडी घालून माझ्यामागच्या भिंतीच्या फटीत सारलं.

आठ दिवसांत पोलिसांचा साहेब आला. गाद्या उसवल्या, पिठाचं पिंप पालथं केलं. मग भिंतीकडे बोट दाखवलं. बरोबरचा शिपाई नोर्मत आमच्याच गल्लीतला. माझ्यापाशी आला आणि थांबला.

"साहेब, इथं माझा हात जायचा नाही. मी फौजेत होतो तेव्हा आईनं माझाही असाच टांगला होता."

साहेब स्वतः पुढं आला. माझ्याकडं बघत राहिला. त्याच्याही घरातून कधी कुणी गेलं असेल. टोपी सारखी केली आणि निघाला.

महिन्यानं तोच साहेब एकटा आला, डाळिंबांची टोपली घेऊन. चहा प्याला. म्हणाला, "वहिनी, कागद कुठं आहे ते मी विचारत नाही. चुलीत घाला. येत्या जुम्म्याला इर्गाश घरी असेल, केसालाही धक्का लागणार नाही. पण कागद तिकडं पोचला, तर आम्ही असेतोवर त्याला सरहद्द बंद."

दोन दिवस सालतानात माझ्याखाली बसून होती. खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं, घाल बाई चुलीत. नानाला दुसरं काय हवं असतं? खाणारं तोंड.

तिसऱ्या दिवशी शेजारचे मामात आजोबा आले. तीस वर्षं त्याच मागांवर बसलेला माणूस. तिनं त्यांना विचारलं. ते जाळ म्हणाले नाहीत, पाठवही म्हणाले नाहीत. शेवटी तीच म्हणाली, "आजोबा, दारात पाय ठेवल्या ठेवल्या तो विचारेल, कागद पोचला का? मग मी त्याला काय वाढू?"

तिनं मला उतरवलं नाही. खिळ्यावरच जरा तिरकं करून मागं बोटं घातली. माझा चुरा तिच्या मनगटावर पडला, तो तिनं एकेक कण वेचून कोनाड्यात ठेवला. कागद रजईत शिवून आजोबांच्या बहिणीबरोबर सरहद्दीपार गेला.

कागद बघून कोर्टानं सांगितलं, ज्यांचं आहे त्यांच्या हाती जाईपर्यंत हे धन गोठलेलंच राहील. अजून कुणाला काही मिळालेलं नाही. पण जावयालाही नाही. आणि इर्गाशला सरहद्द बंद आहे.

फोनवर तो मला बघायला मागतो. ती फोन माझ्यासमोर धरते. फोन ठेवला की ती तंदुरापाशी जाते. धुरानं डोळे चुरचुरतात म्हणते. तंदूर पेटलेला नसतो.

आता मी दगड झालोय. ठसा पुसट झाला, तीळ गळाले. मोठ्या लोकांनो, तुम्ही पैशाला, सरहद्दीला कुलपं घाला, जरूर घाला. पण कुलपाच्या अलीकडं कुणीतरी जेवायचं थांबलेलं असतं, एवढं ध्यानात असू द्या.

आज सालतानात बाजारात गेली असताना मामात आजोबा आले. आताशा काठीशिवाय चालवत नाही त्यांना. माझ्यासमोर उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "म्हाताऱ्या, मी काही तोवर असणार नाही. तो आला की त्याला सांग, ती एकदाही रडली नाही. खोट्याचं पाप माझ्या माथी."