हळदीची गाडी आणि वेक्सफर्डचं ऊन

सतीशच्या गाडीला सीटा दोनच, आणि त्याही कायम रिकाम्या. आयर्लंडमधल्या नास गावी भाड्याच्या गॅरेजात ती पांढरीशुभ्र जपानी स्पोर्ट्स कार मऊ चादर पांघरून उभी असायची, आणि हा लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात जायचा खडखडणाऱ्या हॅचबॅकमधून. का, तर जेवढी कमी चालेल तेवढा भाव चढेल. घेतली तेव्हा लोक तिला जुनी गाडी म्हणायचे, आता मॉडर्न क्लासिक म्हणायला लागले होते. जेवताना, दात घासताना, मीटिंगमध्ये, सतीश आपला फोनवर तसल्याच गाड्यांचे भाव बघतोय. भाव चढला की हा वीतभर उंच व्हायचा, उतरला की त्याचीच पँट त्याला लांब व्हायची.

पण उभी गाडी बसून खाते. इंजिनाच्या आकारावर टॅक्स, इन्शुरन्स, गॅरेजचं भाडं, आणि न चालताच म्हातारे झालेले टायर. शेवटी त्याच्या बायकोने, वासंतीने, खास बायकोच्या आवाजात सांगितलं, "तुझी गाडी आपल्यापेक्षा बऱ्या घरात राहते, सतीश. मला माझं घर हवंय." घर बघून ठेवलेलं होतं, डिपॉझिटची मुदत डोक्यावर होती. गाडी पूर्ण भावाला गेली तरच घर, नाहीतर पुन्हा भाडं.

सतीशने जाहिरात टाकली. अगदी कमी चाललेली, मूळ रंगाची. वेक्सफर्डकडचा डोनल नावाचा गुरांचा डॉक्टर म्हणाला, रविवारी दुपारी येतो. येताना रंगाची जाडी मोजायचं यंत्रही आणतो.

आणि शनिवारी होता दसरा.

वासंतीची आई, अलकनंदाबाई, नागपूरहून आलेल्या. जावई दुकानात गेलेला बघून त्यांनी गॅरेजची किल्ली उचलली. सतीश परतला तर बॉनेटवर ताटाएवढं पिवळंधमक स्वस्तिक!

"आई, हे काय केलंत!"

"दसरा आहे नं बाप्पा! वाहन काय बिनपूजेचं लोकाच्या दारी धाडायचं? इथे उठता-बसता पाऊस. पाण्यात कालवली तर वाहून जाईल, म्हणून हळद तेलात कालवली. सकाळपासून मुरली आहे."

सतीशने पुसलं, साबण लावला. स्वस्तिक गेलं, पण आमलेटाएवढा पिवळा डाग राहिला. पॉलिशने घासावं तर रंग पातळ होणार आणि ते यंत्र चुगली करणार.

"उन्हात ठेवा," अलकनंदाबाई म्हणाल्या. "हळद उन्हात उडते. आमच्या नागपुरात तर चौकटीचा शर्ट वाळत घातला की संध्याकाळी चौकटी शेजारच्या गच्चीवर सापडतात."

"आई, हे नास आहे. इथे ऊन आलं तर लोक पोलिसांना कळवतात."

रविवारी सकाळी आभाळ इतकं खाली आलेलं, की शेजाऱ्याचं मांजर उड्या मारून ढग ओरबाडत होतं. सतीशने गाडी दारात आणली, मागे घेतली, पुन्हा पुढे आणली. तेवढ्यात दूर दक्षिणेला एक पिवळी पट्टी दिसली.

"ते बघा!" अलकनंदाबाई साडी सावरून गाडीत बसल्यासुद्धा. "चला सतीशराव!"

"किलोमीटरचा आकडा वाढेल हो आई. कमी चाललेली म्हणून लिहिलंय."

"आणि पिवळी म्हणून लिहिलंय काय?"

निघाले. किलकलनला पोचेतो ऊन कार्लोला पळालेलं. कार्लोला थांबून बॉनेट उन्हाकडे वळवावं, तो ढगाने दार लावलं. "डावीकडे! अहो डावीकडे!" माशीने गुळाची ढेप शोधावी तसं अलकनंदाबाई ऊन शोधत होत्या. बनक्लोडीच्या वळणांवर सतीशचा हात गिअरवर आपोआप फिरायला लागला. इंजिन आधी खोकलं, मग गुरगुरलं, मग गायला लागलं. आकड्याकडे बघायचं तो विसरला. इतकी वर्षं ही गाडी त्याने पैशाच्या पेटीसारखी राखली. पळते कशी, हे त्याला आज कळत होतं.

थेट वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर ऊन सापडलं. सतीशने डोनलला फोन केला, "तुमच्याच बाजूला आलोय, इथेच या." मग बॉनेटभोवती येरझाऱ्या. डाग लिंबाएवढा झाला, मग शेंगदाण्याएवढा, मग नाहीसाच.

डोनलला त्याच्या मुलीने आणून सोडलं आणि ती निघून गेली. त्याने यंत्र फिरवलं. सगळीकडे मूळ रंग. मग किलोमीटरच्या आकड्याकडे बघून भुवई उडवली. "जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा जास्त चाललीय."

सतीशने खरं तेच सांगितलं. हळद, तेल, ऊन.

"आयर्लंडमध्ये? उन्हाच्या मागे?" डोनल पोट धरून हसला. मग गाभण गायीला लावावा तसा त्याने इंजिनाला कान लावला. "उभ्या गाड्यांचे रबरी पाइप सुकतात. त्याचे पैसे मी कापणारच होतो. पण हिचा श्वास मोकळा आहे. पूर्ण भाव देतो."

त्याने तिथल्या तिथे फोनवरून पैसे पाठवले, किल्लीसाठी हात पुढे केला. सतीशची मूठ उघडेना.

"सतीशराव," अलकनंदाबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या लेकीचं घर आहे त्या मुठीत."

मूठ उघडली. गाडी वळणाआड गेली.

वासंतीचा फोन आला. "गेली?"

"गेली. पूर्ण भावाला."

ती इतकी ओरडली की समुद्रावरचे पक्षी उडाले. मग म्हणाली, "बरं, आता लवकर या दोघं. श्रीखंड केलंय."

"हो, निघतोच," सतीश म्हणाला, आणि त्याने रिकाम्या पार्किंगकडे बघितलं. "अगं... कशाने?"

बसच्या थांब्यावर अलकनंदाबाई बाकावर टेकल्या. "बसा हो जरा."

"बसवत नाही, आई."

"मग उभे राहा. पण रस्त्याकडे पाठ करून."

सतीशने पाठ केली. कान मात्र वळणाकडेच होते.