मौला मिस्त्रीचं नख

१९७८ सालची गोष्ट. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात मौला मिस्त्रीनं सकाळी टायटॅनियमचा पहिला तुकडा वाया घालवला, तो निव्वळ सवयीपायी. लेथवर काप चालू असताना मध्येच टूल रोखायचं, मशीन थांबवून कापलेल्या जागेवर नख फिरवायचं, ही त्याची वीस वर्षांची रीत. पण हा विमानाचा धातू. टूल एका जागी घासलं की तिथं तो कडक होतो आणि पुढं टूलच मोडतं.

आता शेवटचा तुकडा फिरत होता. तो बिघडला तर विमानवाले पुन्हा काम देणार नव्हते.

"मौला, हात आवर हां," मागं उभे असलेले मालक गोमटेश म्हणाले.

"आवरलाय की! तुमीच जरा गप ऱ्हावा."

पण बोटं शिवशिवतच होती. टूल कापतंय की नुसतं घासतंय, कळेना. अखेर मौलानं डावा हात मागं केला.

"मालक, धरा ह्यो."

गोमटेशनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

काप पुरा झाला. तुकडा मापात भरला. मौलानं तो तळहातावर तोलला. पोलादाच्या जवळजवळ निम्मा भार.

"एवढं हलकं, आन् केवढं छळलं!" म्हणत त्यानं मग कुठं नख फिरवलं.