नेलबाईंच्या घरचं सुतक

सुचेता गेल्याचं मला कळलं त्या दुपारी पुण्याची एक सहल नेलबाईंच्या स्वयंपाकघरात शिरली होती. मी इस्पितळात होतो. विमानतळाजवळच्या आमच्या बाडहूव्हडॉर्प गावाहून सकाळी सायकलवर निघालेली माझी बायको सहलीच्या बसपर्यंत पोचलीच नव्हती; बस तिच्याविनाच पुढं गेली होती. वाटेत हृदय बंद पडलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि तिची पर्स, फोन माझ्या हातात दिला. तो फोन वाजला.

"सुचेता, कुठं आहेस? तुझी माणसं आलीत. एका बाईनं माझा फ्रिज उघडलाय."

नेलबाई होत्या, डचमध्ये बोलत होत्या. मी त्यांना सांगितलं. पलीकडं गलका चालूच होता. मग नेलबाई स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "सगळ्यांनी बाहेर. चपला घाला."

इतकं मराठी त्यांना सुचेतानंच शिकवलं होतं. मला तिथं हसू आलं. नर्सनं घाबरून पाणी आणून दिलं.

सुचेता माझ्या नोकरीमागे या देशात आली. मी विमानतळावर मालवाहतुकीच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. काही वर्षं घरात काढल्यावर ती महाराष्ट्रातून येणाऱ्या सहलींची गाइड झाली. त्या सहलींत उत्तरेकडचं, बांधावरून बस जाते असं एक बेट असायचं. नाव सांगत नाही, नाहीतर आणखी बस जातील.

नेलबाईंच्या कितीतरी पिढ्या त्याच बेटावर मासे धरून जगल्या. आता तिथली घरं सुट्टीवाल्यांची झालीत. नेलबाईंचं घर एका सहल कंपनीनं घेतलं आणि त्यांनाच भाड्यानं दिलं. अट अशी, की पाहुणे आले की दार उघडं ठेवायचं आणि आजीचा पट्ट्यापट्ट्यांचा झगा, जाळीची टोपी घालून बसायचं. तिथल्या बऱ्याच बायकांचं असंच आहे. सकाळी हॉटेलात चादरी बदलायच्या, दुपारी स्वतःची आजी व्हायचं. नेलबाईंची मुलगी लांब टिलबर्गला राहते. तिला बेटावर घर परवडलं नाही.

सुचेतानं पहिल्या खेपेला पाहिलं, की आपल्या बायका टोपी चाचपून बघताहेत आणि नेलबाई हसऱ्या तोंडानं बटाटे सोलताहेत. पुढच्या खेपेला तिनं बसमध्ये जाहीर केलं, "या बेटाची प्रथा आहे. घरात पाऊल टाकलं की बाईच्या हातातलं काम आपण घ्यायचं."

अशी काही प्रथा नव्हती. पण आपल्या बायकांना परक्या स्वयंपाकघरात हात बांधून बसणं तसंही जमत नाही. "द्या हो इकडे," म्हणत त्यांनी बटाटे सोलले, भांडी घासली, वर सुरी बोथट आहे असा शेराही मारला. नेलबाई खुर्चीत बसून त्यांचे फोटो काढत होत्या. पुढं तर शेजारीण सुचेताला विचारायला लागली, की खिडक्या पुसणारी सहल मिळेल का.

हे कंपनीच्या मॅनेजरला, पीमला, कळलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याला ते आवडलं. सुचेता गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यानं 'अस्सल बेटावरचा स्वयंपाक' असा कार्यक्रम काढला. सगळ्या देशांचे गट, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

नेलबाईंचा फोन आला. "भाऊजी, माझ्या घरात मला चहा प्यायला जागा उरली नाही." 'भाऊजी'ही सुचेताचीच शिकवण. "आणि तिच्यासाठी रडायचं कुठं? टोपी घालून?"

मी रजा काढली आणि सुचेताच्या जागी एक सहल घेऊन निघालो. बेट जवळ आल्यावर माइक घेतला.

"नेलबाईंच्या घरी सुतक आहे."

पुढच्या सीटवर नाशिकच्या मंजूषाताई होत्या. "अगं बाई. कोण गेलं?"

"त्यांची मैत्रीण."

"मैत्रिणीचं कुठं सुतक असतं?" शेजारून त्यांचे यजमान विनायकराव म्हणाले.

"या बेटावर असतं."

"तुम्ही गप्प बसा हो," मंजूषाताई म्हणाल्या. "स्वतःच्या काकांचं सुतक असताना शेजारच्या बारशाला जेवून आलात." मग माझ्याकडे वळून, "किती दिवसांचं?"

"वर्षाचं."

"मग आम्ही आत येत नाही. पाणीसुद्धा नको."

पीम दारात हात पसरून उभा होता. मागं टेबलावर बटाट्यांचा ढीग. कुंपणाच्या आत एकानंही पाय टाकला नाही. नेलबाई साध्या स्वेटरमध्ये, उघड्या डोक्यानं बाहेर आल्या. मंजूषाताईंनी लांबूनच हात जोडले, नेलबाईंनीही जोडले. त्या रडत होत्या, आणि त्यात काही बनावट नव्हतं.

"हे आत का येत नाहीत?" पीमनं मला विचारलं.

"प्रथा आहे."

"कुणाची? यांची की नेलची?"

"दोघांची."

प्रथा विकून पोट भरणाऱ्या माणसाला ही प्रथा खोटी आहे म्हणायची सोय नव्हती. शिवाय विनायकराव फोन उंच धरून त्याचंच शूटिंग करत होते. "रडणाऱ्या बाईला जाहिरातीतली ती टोपी घाल म्हणतो का, तेवढं बघतो," ते मला म्हणाले.

पीमनं दार लोटून घेतलं. नंतर त्यावर पाटी लागली, 'शोक. प्रवेश नाही.' आता इतर देशांचे गटही कुंपणापाशी येऊन आवाज उतरवतात, बंद दाराचा फोटो काढतात आणि जातात. मी मधूनमधून मागच्या दारानं जातो. नेलबाई स्वेटरमध्ये चहा पीत बसलेल्या असतात. आम्ही सुचेताबद्दल बोलतो.

सुचेताच्या वर्षश्राद्धाला हे सुतक संपेल. दार उघडं ठेवायची अट भाडेकरारात तशीच आहे. ती काढायला पीम तयार नाही, आणि नेलबाईंना बेटावर दुसरं घर अजून मिळालेलं नाही.