जुनी चिठ्ठी काढायची नाही

वैशाखात हिंदूरावच्या टेकाडावर विलायती कीकरच्या, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीच्या, वाळक्या शेंगा खुळखुळू लागल्या की मला शेखबाईंचं हसू ऐकू येतं. तसंच कोरडं, दाणेदार, समोरच्याला अडाणी ठरवून मोकळं होणारं.

मूळच्या मिरजेच्या त्या, इथे दिल्लीत वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मी चौथी पास; त्यांच्या विभागात वाळवलेल्या डहाळ्या जाड कागदावर डकवून कोपऱ्यात झाडाच्या नावाची चिठ्ठी लावणारा. मेक्सिकोहून, पेरूहून टपालानं आलेली फांदी त्या भिंगाखाली अशी धरत, जणू दूरदेशी दिलेल्या लेकीची नाडी पाहताहेत. आणि त्यांच्या पांढऱ्या बटेवर खिडकीतला धुळकट उजेड परागासारखा उतरून राही.

भांडण एकच. अमेरिकेतून येऊन अवघं टेकाड गिळून बसलेला हा कीकर त्यांच्या लेखी आपल्या शमीचा सख्खा भाऊ. दसऱ्याला जिला हात जोडतो, तिचा! माझी बोटं वेगळंच सांगत होती. शमीचे काटे फांदीभर वाटेल तिथे विखुरलेले. याचे पानाच्या बेचक्यात, जोडीनं.

"नाना, काट्यांवरून नाती ठरत नसतात. फुलांचे तुरे बघा, हुबेहूब."

"तुरा काय, कुणीही लावून येतो. काटा खोटं बोलत नाही, बाई."

"अच्छा! मग पुस्तक तुम्हीच लिहा."

तो 'लिहा' अजून सलतो.

गेल्या हिवाळ्यात बाई वारल्या. निवृत्त झालो तरी शनिवारी मी मुनिरक्याहून विभागात जातोच. माझ्यासारखं डकवणारं आता तिथे आहे कोण? गेल्या महिन्यात त्यांच्या विद्यार्थिनीनं एक पाकीट हाती दिलं. आत बाईंच्या थरथरत्या अक्षरातली नवी चिठ्ठी: विलायती कीकर शमीचा भाऊ नव्हे, त्याचे सख्खे सगळे तिकडेच, अमेरिकेत. पाठीमागे पेन्सिलीनं, "नाना, काटे खरे निघाले. डकवा."

असं मेल्यावर कबूल करतात? माणसानं समोर बसून हरावं, तेव्हा कुठे दुसऱ्याला जिंकता येतं.

आमच्यात जुनी चिठ्ठी काढायची नाही, शेजारी नवी लावायची, असा नेम. दोन शनिवार डकवायची लेई कालवली, दोन्ही शनिवार तशीच वाळू दिली. डकवली की भांडण मिटलं, आणि भांडणाखेरीज आमच्यात होतं काय? कागदावर चुकलेलं नाव टिकतं, सुधारलेलंही टिकतं. टिकत नाही ते नाकारणारं माणूस, आणि त्याच्यावाचून माझं खरंही मला एखाद्या रित्या शेंगेसारखं हलकं लागतं.