सुबरावच्या सायकलीचे सुटे भाग

दिपालीला त्या माणसाचा संशय पहिल्याच रविवारी आला. सायकल बघायला येणारा माणूस चार पावलं लांब उभा राहून बघतो, फार तर सीटवरून हात फिरवतो आणि ‘वा’ म्हणतो. हा मात्र गुडघ्यावर बसला, मोबाईलची बॅटरी लावली आणि पायडलच्या दांड्याची आतली बाजू, जी कुणालाच दिसत नाही, ती बघत राहिला. बघून झाल्यावर काही बोललाही नाही. उठून पँटचे गुडघे झटकले आणि चहा घेतो म्हणाला.

सायकल तिच्या आप्पांची, म्हणजे वडिलांची, सुबरावांची. मरून रंगाची, बारीक टायरची, बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल असलेली इंग्लिश रेसची सायकल. तरुणपणी बेळगावच्या कॅम्पातल्या एका गोऱ्या म्हाताऱ्याकडून त्यांनी ती घेतली होती, आणि ब्याऐंशी साली बेळगाव ते धारवाड शर्यत तिच्यावरच जिंकली होती. ही गोष्ट दिपालीनं लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की शेवटच्या चढाला आप्पांचा श्वास कुठं अडकला तेही तिला पाठ होतं. आई गेल्यावर आप्पा खासबागेत लेकीकडे राहायला आले ते एक ट्रंक आणि ही सायकल घेऊन. दिपालीचा नवरा नागेंद्र सरकारी बसवर ड्रायव्हर होता. घरातले दोन यंत्रमाग ती स्वतः चालवायची. मागांच्या पलीकडे, मधल्या खोलीत सायकल उभी असायची, आणि आप्पा रोज संध्याकाळी साडीच्या चिंधीनं ती पुसायचे.

जानेवारीत टिळकवाडीत जुन्या सायकलींचं प्रदर्शन भरलं, तिथं आप्पा सायकल घेऊन गेले. पेपरात फोटो आला. त्याच्या पुढच्याच रविवारी हा माणूस दारात. नाव युवराज, वय चाळीसच्या आसपास, उद्यमबागेत लेथवर काम करतो, एवढं त्यानं सांगितलं. गाव कुठलं विचारलं तर ‘खानापूरकडं’ म्हणाला. खानापूरकडं म्हणजे शंभर गावं.

त्यानंतर तो दर रविवारी यायला लागला. पाठीला काळी सॅक. आला की आप्पा आणि तो सायकलीपाशी बसायचे. दिपाली मागावरून कान देऊन असायची. तो बोलायचा कमी, पण जे बोलायचा ते ऐकण्यासारखं असायचं. फ्रेमच्या नळ्या जिथं एकमेकींना मिळतात तिथल्या जोडांना पिंपळाच्या पानासारखी निमुळती टोकं होती, आणि त्या पानांच्या कडेनं केसाएवढी सोनेरी रेघ. ती रेघ हातानं ओढलेली आहे, असं तो एकदा म्हणाला. इथं कारागिरानं ब्रश उचलला, इथं परत टेकवला, बघा. दिपालीनं लहानपणापासून ती सायकल डोळ्यांसमोर बघितली होती, पण रेघ कधी दिसली नव्हती. तो गेल्यावर तिनं वाकून बघितलं. खरंच, पानाच्या टोकाशी रंग किंचित जाड होता, जिथं हात थांबला होता.

यानं तिचा संशय कमी झाला नाही, वाढला. ज्याला एवढं दिसतं त्याला त्याची किंमतही ठाऊक असणार. नागेंद्रला सांगितलं तर तो म्हणाला, म्हाताऱ्याला कुणीतरी बोलायला मिळालंय, तुझं काय जातंय? पण दिपालीचा स्वभाव तसा नव्हता. मागावरून उतरलेली साडी ती व्यापाऱ्याकडे द्यायच्या आधी उजेडात धरून बोटाबोटानं तपासायची, आणि एक तार चुकली तरी तिला सापडायची. तिनं मोबाईल काढला आणि एका सोमवारी, आप्पा देवळात गेलेले असताना, सायकलीचे सगळे बाजूंनी फोटो काढून ठेवले. चोरी व्हायची असेल तर पुरावा हातात असावा.

फोटो काढताना तिला सायकल पहिल्यांदा नीट दिसली. पायडलजवळचं दातेरी चक्र पांढऱ्या धातूचं होतं, आणि वजन कमी व्हावं म्हणून कोरून काढलेल्या जागा फुलाच्या पाकळ्यांसारख्या दिसत होत्या. गिअर बदलायच्या दोन कांड्या हँडलवर नव्हत्या, खालच्या तिरक्या नळीला होत्या, शेंगेएवढ्या, बोटाखाली झिजून गुळगुळीत झालेल्या. चाकाच्या मधल्या तुंब्याला तेल सोडायचं बारीक भोक होतं आणि त्यावर सरकणारी पत्र्याची चिमुकली झाकणी. कातड्याच्या सीटला तांब्याचे रिबिट, प्रत्येकाचं डोकं हातोडीनं ठोकून थोडं वेगळं झालेलं. फोटो काढता काढता तिचा अर्धा तास गेला आणि दूध उतू गेलं.

पुढच्या रविवारी युवराज येऊन गेला. संध्याकाळी तिनं फोटो आणि सायकल ताडून बघितली. नळीवरच्या शेंगेसारख्या कांड्या गेल्या होत्या. त्यांच्या जागी लोखंडी, जाड, काळपट कांड्या बसवल्या होत्या.

तिनं फोटो मोठा करून परत ताडून बघितला. आप्पांना सांगितलं तर ते त्या माणसाची बाजू घेतील आणि तो सावध होईल. आधी हातात पकडायचा, मग बोलायचं. त्याच्या पुढच्या रविवारी पायडलं बदलली. आता तिला कळेना की हा माणूस हे करतो कधी. आप्पा तर जागचे हलत नाहीत. चहा आणायला स्वयंपाकघरात ती जाते, त्या दोन मिनिटांत पाना लावून पायडल निघतं होय?

त्यानंतरच्या रविवारी तिनं चहा आधीच करून थर्मासमध्ये भरून ठेवला. माग चालू ठेवला, त्या खटखटीत ती जागेवर आहे असं वाटावं म्हणून, आणि स्वतः सुताच्या पोत्यांमागं उभी राहिली. मधल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

युवराज भिंतीला टेकून बसला होता. त्याचे हात मांडीवर होते. पाना आप्पांच्या हातात होता.

अडुसष्ट वर्षांचा तो माणूस जमिनीवर फतकल मारून बसला होता आणि पाकळ्यांचं ते पांढरं चक्र दांड्यासकट सोडवत होता. निघालं तसं त्यांनी ते चिंधीनं पुसलं, दातांच्या फटीतलं काळं नखानं काढलं, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि युवराजच्या सॅकमध्ये ठेवलं. मग आपल्या ट्रंकेतून एक लोखंडी चक्र काढलं आणि त्या जागी बसवायला लागले.

दिपालीचा संशय आता जागेवरून उठला आणि कुठं बसावं ते त्याला कळेना. आप्पांना यानं कशात तरी अडकवलंय, एवढंच तिला सुचलं. युवराज निघाला तशी ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि गल्लीच्या टोकाला त्याला गाठलं.

सॅकमध्ये काय आहे, असं तिनं सरळ विचारलं. तोही गडबडला नाही. म्हणाला, “आक्का, मी एक स्क्रूसुद्धा मागितलेला न्हाय. काकांनी दिलं ते घेतलं.”

“का दिलं?”

“ते त्यांनाच विचारा. मी सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटंल.”

तिनं गाव विचारलं. या वेळी त्यानं सांगितलं, गुंजी. वडिलांचं नाव आण्णाप्पा. दिपालीनं ते नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि नेमकं तेच तिला खटकलं. आप्पांच्या गोष्टींतली सगळी माणसं तिला माहीत होती. धारवाडच्या शर्यतीत दुसरा कोण आला, तिसरा कोण आला, पंक्चर कुणाची झाली. आण्णाप्पा नावाचं कुणी त्यात नव्हतं.

घरी येऊन तिनं माग बंद केला. आप्पा हात धूत होते. तिनं मोबाईलमधले फोटो त्यांच्यापुढं धरले, एकेक करून, कांड्या, पायडलं, चक्र. “मी सगळं बघितलंय,” ती म्हणाली. “आण्णाप्पा कोण?”

आप्पा खाटेवर बसले. हात पुसले. मग सांगायला लागले, आणि ते सांगणं त्यांच्या नेहमीच्या गोष्टीसारखं नव्हतं. अडखळत, मागंपुढं होत होतं.

गोऱ्या म्हाताऱ्याकडे सायकली दोन होत्या. एक साधी, लोखंडी सामानाची, ती सुबरावांनी घेतली. दुसरी भारी. तिला इटलीचं हलकं सामान होतं, गिअर, चक्र, चाकं, सगळं. ती आण्णाप्पानं घेतली. दोघं जिवाभावाचे मित्र, रोज पहाटे खानापूर रस्त्यावर बरोबर सराव करायचे. शर्यतीला बारा दिवस असताना लाकडाच्या गाडीला धडकून आण्णाप्पाची मांडी मोडली. तो दवाखान्यात, आणि त्याची वाकलेली सायकल सुबरावांच्या घरी.

“मला वाटलं शर्यतीपुरतं वापरावं,” आप्पा म्हणाले. “विचारायला दवाखान्यात गेलतो. तो झोपला होता. आलो परत.”

आण्णाप्पाचं सगळं सामान त्यांनी आपल्या फ्रेमवर चढवलं आणि शर्यत जिंकली. मग ते काढवेना. आण्णाप्पाच्या घरी नुसती वाकडी फ्रेम पाठवली, आणि बाकी सगळं धडकेत मोडलं, टाकून दिलं, असा निरोप दिला. आण्णाप्पाचा पाय आखूडच राहिला. तो परत सायकलवर बसला नाही. गुंजीला लाकडाच्या डेपोत कारकुनी करत राहिला.

“त्याला कळलं न्हाय?”

“पेपरात फोटो आलता जिंकल्याचा. त्यात चक्र दिसत हुतं. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यानं बघितला म्हणे.” आप्पांनी सायकलीकडं बघितलं. “पण बोलला न्हाय. मीपण गेलो न्हाय.”

युवराज पहिल्या दिवशी दांड्याच्या मागं बघत होता ते ‘आ’ अक्षर. आण्णाप्पाला आपल्या प्रत्येक वस्तूवर खिळ्यानं बारीक ठिपके मारून ‘आ’ काढायची सवय होती. युवराज तिथं वाकला तेव्हाच आप्पांनी ओळखलं की हा कुणाचा. त्यानं काही मागितलं नाही म्हणून तर त्यांना जास्त भीती वाटली. दुसऱ्या रविवारी तो परत आला, काहीच बोलला नाही. कधीतरी त्यांनीच पाना काढला.

दिपालीनं विचारलं, द्यायचंच होतं तर एकदम का नाही दिलं? आप्पांनी मान खाली घातली. “एकदम दिलं असतं तर तो परत कशाला आला असता? आल्यावर आण्णाप्पाचं सांगतोय. जेवतो का, चालतो का.”

चाळीस वर्षं बापानं छाती पुढं काढून सांगितलेली गोष्ट, आणि त्यात एक माणूस आख्खा गाळलेला. तिला राग होताच, पण रागापेक्षा दुसरंच काहीतरी टोचत होतं. आईला हे ठाऊक होतं का? आणखी काय काय गाळलंय? रात्री जेवताना आप्पांनी भाताला मीठ कमी आहे म्हटलं, तर तेसुद्धा तिनं चव घेऊन बघितलं.

राहिली होती फक्त चाकं. पुढच्या रविवारी युवराज यायच्या आधीच ती म्हणाली की चाकं सॅकमध्ये मावत नाहीत, आपणच देऊन येऊ. आप्पा नको म्हणाले, गुडघा दुखतोय म्हणाले, गाडीला गर्दी असते म्हणाले. तिनं ऐकलं नाही. दोन्ही चाकं काढायला लावली आणि युवराजला फोन करून यायला नको म्हणून कळवलं. पॅसेंजरमध्ये एक चाक तिच्या मांडीवर, एक आप्पांच्या. समोरच्या बाईनं विचारलं, कुठल्या दुकानात निघालाय?

गुंजी स्टेशनवर युवराज घ्यायला आला होता. घर जवळच होतं. अंगणात खुर्चीवर एक उंच, वाळका माणूस बसला होता, काठी मांडीला टेकवलेली. शेजारी हिरवी सायकल विटांवर उभी. युवराजनं वाकडी फ्रेम कारखान्यात सरळ करून घेतली होती. त्यावर शेंगेच्या कांड्या, पाकळ्यांचं चक्र, पायडलं, सगळं जागच्या जागी होतं. चाकांची तेवढी जागा मोकळी.

आण्णाप्पा सुबरावांशी बोलले नाहीत. त्यांच्याकडं बघितलंही नाही. दिपालीला म्हणाले, “आण बाय इकडं.” पुढचं चाक तिच्या हातातून घेतलं, दोन अंगठ्यांवर तोललं आणि फिरवलं. चाक आवाज न करता फिरत राहिलं. त्यांनी तेलाच्या भोकावरची चिमुकली झाकणी नखानं सरकवली, वास घेतला, परत सरकवली. एकेक स्पोक चिमटीत दाबून बघितला. दिपालीला तो हात ओळखीचा वाटला. साडी तपासताना तिचा हात असाच जायचा. हा माणूस एक खोट शोधत होता, निष्काळजीपणाची एखादी खूण, म्हणजे मग बोलायला तोंड मिळालं असतं. पण चाकाला गंज नव्हता, हेलकावा नव्हता. चाळीस वर्षं कुणीतरी रोज पुसलेलं चाक होतं ते.

त्यांनी चाक मांडीवर आडवं ठेवलं. अंगणात कोंबडी फिरत होती तिच्याकडं बघत म्हणाले, “शर्यतीत बागेवाडीच्या चढाला मागं कितीचा दात लावलतास?”

सुबराव फाटकापाशीच उभे होते. त्यांच्या हातात अजून मागचं चाक होतं. “एकवीसचा,” ते म्हणाले.

“मी अठराचा लावला असता.”

“तेवढं जड तुला जमलं असतं.”

एवढंच. युवराजच्या बायकोनं चहा आणला. सुबरावांना बसायला कुणी सांगितलं नाही, आणि जा असंही कुणी म्हणालं नाही. शेवटी युवराजनं स्टूल सरकवलं तेव्हा ते बसले. दोघं म्हातारे आणि युवराज मिळून चाकं चढवायला लागले. ब्रेकचं रबर रिमला घासत होतं त्यावरून दोघांत दोन-चार शब्द झाले, तेही स्क्रूबद्दलचे. निघताना आण्णाप्पा खुर्चीतून उठले नाहीत. दिपालीला मात्र म्हणाले, फ्रेम तुझ्या बापाचीपण चांगली हाय, तिच्या जोडाला पान हाय, माझ्या फ्रेमला नुसतीच टोकं. तिला विकू नका.

परतीच्या गाडीत दोघांचे हात मोकळे होते. आप्पा खिडकीबाहेर बघत बसले. खानापूर गेलं. त्यांचा चेहरा हलका झालेला दिसत होता, आणि ते दिपालीला थोडं लागलं. एवढ्यात हलकं व्हायचं नव्हतं त्यांनी.

“आप्पा,” ती म्हणाली, “एकवीसचाच हुता का?”

आप्पांनी तिच्याकडं बघितलं. “व्हय,” ते म्हणाले, आणि मग थोड्या वेळानं, “मला तरी तसंच आठवतंय.”

तिनं मान हलवली आणि त्यांचं तोंड आणखी थोडा वेळ निरखून बघितलं.