अंगावरचं पूर्ण वजन

मी घाबरट बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. ब्राझीलमधल्या रेसिफेत आमच्या कुस्तीच्या तालमीत कुणालाही विचारा. बावन्न किलोची जुसिलेदे भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणते, असंच सांगतील. त्या दिवशी मात्र मी घाबरले, आणि ती भीती अजून गेलेली नाही.

झालं असं की आमच्याच शहरातली एक कंपनी पिंजऱ्यातल्या लढतींचा कॉम्प्युटर गेम बनवत होती. उभ्याने ठोसेबिसे झकास जमले होते त्यांचे. पण खेळणारी पोरं बोंब मारत होती, की जमिनीवर गेलं की सगळा पोरखेळ होतो. टीचभर लढवय्या आडदांड माणसाखालून असा सटकतो, जसं काही पांघरूण बाजूला केलं. म्हणून त्यांनी वस्तादांना गाठलं. एक हलका माणूस द्या, एक जड द्या, अंगाला सेन्सर बांधतो, खरं वजन पडलं की खालच्याचं काय होतं ते मोजतो. वस्तादांनी हलकी म्हणून मला दिलं आणि जड म्हणून वाल्देमीरला.

वाल्दे म्हणजे एकशे अठरा किलोचा देवमाणूस. आम्ही दोघं एकाच गल्लीत वाढलो, एकाच मॅटवर शिकलो. आमच्याकडे रीत अशी, की जड गड्याने हलक्यावर अंग टाकायचं नाही. स्वतःचं वजन स्वतःच्या गुडघ्यांवर आणि कोपरांवर तोलायचं. वाल्दे ती रीत देवाच्या वचनासारखी पाळायचा. त्याच्याखाली मी आरामात गप्पा मारायचे.

आणि तिथेच घोडं अडलं. दानिलो म्हणून एक चष्मेवाला पोरगा सगळं बघत होता. तो सकाळपासून स्क्रीनवर डोकं आपटत होता.

"आकडे जुळतच नाहीत हो! तुम्ही हिच्यावर आहात की हवेत? पूर्ण वजन टाका ना!"

वाल्देने माझ्याकडे बघितलं. "चिरडशील गं."

"टाक रे रेड्या," मी म्हणाले. "मी काय लोण्याची आहे का? घरी जायचंय मला, भूक लागलीये."

हे मीच म्हणाले. माझ्याच तोंडाने.

आता एक गोष्ट नीट ऐका. तालमीत खालच्याने हाताने दोनदा थोपटलं, म्हणजे टॅप केलं, की वरच्याने त्या क्षणी सोडायचं. त्यावर वाद नाही. पण इथे टॅपचंसुद्धा चित्रण चाललं होतं. हरणारा माणूस कसा थोपटतो, घाबरून कसा, चिडून कसा, हे सगळं त्यांना गेमसाठी हवं होतं. सकाळभर मी खोटंखोटं थोपटत होते आणि वाल्दे हसू दाबून वर पडून राहत होता. मधेच उठला की दानिलो वैतागायचा. शेवटी त्याने नियमच केला. तो 'बास' म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. आम्ही दोघांनीही मान डोलावली. वस्ताद नेमके तेव्हा उसाचा रस प्यायला खाली गेले होते. ते असते, तर हा नियम त्यांनी दानिलोच्या घशात घातला असता.

वाल्दे माझ्यावर आडवा झाला, छातीवर छाती. मग त्याने गुडघे उचलले.

बाई गं. ते वजन दुखत नाही, हे कुणाला सांगून पटत नाही. काही मोडत नाही, काही मुरगळत नाही. फक्त मी श्वास सोडला आणि वाल्दे तेवढा खाली बसला. परत श्वास घ्यायला गेले, तर बरगड्या उचलेचनात. जो थोडा आत होता तोही गेला, आणि वाल्दे आणखी खाली बसला. बिचारा काहीच करत नव्हता. नुसता पडला होता. त्याचा खांदा माझ्या तोंडावर होता. उजवा हात आमच्या दोघांमध्ये अडकलेला.

कूस वळवायला गेले. जमलं नाही. आयुष्यभर शिकलेला एकेक डाव आठवला, आणि प्रत्येक डावाला आधी श्वास लागतो.

मी डाव्या हाताने त्याच्या पाठीवर थोपटलं. दोनदा. मग जोरात. मग सारखंच.

"टॅप येत नाहीये," दानिलोचा आवाज आला. "जुसी, जमेल तेव्हा टॅप करा. वाल्देमीर, धरून ठेवा, एकदम मस्त चाललंय!"

मी थोपटत होते हो! देवाशप्पथ थोपटत होते. वाल्देची पाठ माझ्या हाताखाली होती, घामाने ओली. मी नखं रोवली. त्याचं हृदय माझ्या छातीवर शांतपणे धडधडत होतं. आई गं, मरतेय मी, आणि याला पत्ता नाही, असं वाटलं. एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. कानात घूं घूं सुरू झालं आणि दिवे बारीक होत गेले.

डोळे उघडले तेव्हा वस्ताद माझे पाय वर धरून उभे होते. सगळीकडे रस सांडलेला. दारातून त्यांना माझे लुळे पडलेले पाय दिसले, आणि हातातले ग्लास टाकून त्यांनी वाल्देला लाथेने बाजूला केलं.

"श्वास घे, पोरी. हळू. घे."

दानिलो पांढराफटक पडला होता. "पण टॅप आलाच नाही," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "बघा ना, इथे हात हललेलाच नाही." त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली. तिथे एक मोठी आकृती होती, तिच्याखाली एक छोटी. छोटीचा हात मॅटवर निवांत पडलेला, झोपल्यासारखा. माझ्या डाव्या मनगटाचा सेन्सर सुटून मॅटवर पडला होता. मी थोपटत होते ते त्या यंत्राला दिसलंच नव्हतं.

"यंत्राचं मरू दे," वस्ताद गरजले आणि वाल्देकडे वळले. "तुझ्या पाठीला काही लागलं की नाही?"

वाल्दे रडत होता. एवढा मोठा माणूस, हुंदके देत होता. त्याच्या पाठीवर माझ्या नखांचे लाल ओरखडे होते.

"लागत होतं," तो म्हणाला. "सगळं लागत होतं. पण तो म्हणाला, येत नाहीये. मला वाटलं, अजून करायचं असेल."

तो गुडघ्यांवर माझ्याजवळ आला आणि मला उठवायला हात पुढे केला. लहानपणापासून हाच हात धरून मी मॅटवरून उठत आले होते. मी कोपरं टेकत मागे सरकले.

"जुसी, घाबरू नकोस गं. मी आहे."

"दिसतंय मला," मी म्हणाले, आणि पाठ भिंतीला लागेपर्यंत मागे सरकत राहिले.